वृकमानवाचे शस्त्र : ऑनलाइन भूमिका-खेळातील शस्त्रनिवड आणि औचित्यविचार

सारांश

ऑनलाइन भूमिका-खेळात वृकमानवाचे पात्र घडविताना कोणते शस्त्र निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता निरर्थक वाटतो. कारण लांडगा झालेले पात्र शस्त्र हाती धरतच नाही. प्रस्तुत निबंधात ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालेतील दोन खेळांच्या आधारे या प्रश्नाचा साहित्यसमीक्षेच्या अंगाने विचार केला आहे. अग्निपुराणातील आयुधविभागणी, नृसिंहकथा, शूर्पणखेचा प्रसंग, वृकोदर भीमाचे गदायुद्ध आणि वाघनख यांच्याशी तुलना करून शस्त्रनिवड, रूपांतर व उत्तरदायित्व यांचा परस्परसंबंध येथे तपासला आहे.

बीजसंज्ञा : भूमिका-खेळ, वृकमानव, शस्त्रनिवड, रूपांतर, औचित्य.

१. प्रस्तावना

नाशिकजवळील देवळाली कॅम्प या गावाची ओळख शस्त्रांशी जोडलेली आहे. ब्रिटिश अमदानीत एकोणिसाव्या शतकात येथे लष्करी छावणी वसली आणि आज भारतीय तोफखान्याचे स्कूल ऑफ आर्टिलरी येथे आहे. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा लष्करात दाखल करून घेण्याचा समारंभ देवळालीतच झाला. कोणत्या लक्ष्यासाठी कोणते शस्त्र, हा प्रश्न अशा ठिकाणी रोजच्या अभ्यासाचा विषय असतो. तोच प्रश्न आजचा महाविद्यालयीन तरुण संगणकाच्या पडद्यासमोर बसून वेगळ्या कारणासाठी सोडवीत असतो. त्याला एक पात्र घडवायचे असते आणि त्या पात्राच्या हाती काय द्यायचे हे ठरवायचे असते.

भूमिका-खेळात खेळाडू एका कल्पित जगातील पात्र स्वीकारतो. त्या पात्राचे कूळ, कौशल्ये, चिलखत, शस्त्रे यांची तो जी जुळणी करतो तिला खेळाडू ‘बिल्ड’ म्हणतात. मराठीत तिला ‘घडण’ म्हणता येईल. ही घडण हीच खेळाडूची रचना होय. कथानक खेळाच्या निर्मात्यांनी लिहिलेले असते. पात्राची घडण मात्र खेळाडूची असते. त्यामुळे खेळाकडे साहित्यकृती म्हणून पाहावयाचे झाल्यास खेळाडूच्या कर्तृत्वाचा शोध घडणीतच घ्यावा लागतो. वृकमानवाची घडण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. ज्या पात्राची शस्त्रे ऐन युद्धात दिसेनाशी होतात त्याच्यासाठी शस्त्र निवडणे, ही कृती शस्त्र आणि शस्त्रधारी यांच्या नात्यावरच प्रकाश टाकते.

२. वृक आणि वीर

‘वेअरवुल्फ’ हा इंग्रजी शब्द दोन प्राचीन घटकांनी बनलेला आहे. त्यातील ‘वेअर’ म्हणजे पुरुष. हा शब्द लॅटिनमधील ‘विर्’ आणि संस्कृतमधील ‘वीर’ यांचा सगोत्र आहे. ‘वुल्फ’ हा संस्कृत ‘वृक’ या शब्दाचा सगोत्र आहे. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा परदेशी शब्द ‘वीर’ आणि ‘वृक’ यांचाच समास आहे. माणूस आणि श्वापद हे दोन्ही घटक त्या शब्दात एकमेकांशेजारी उभे आहेत. कोणीही दुसऱ्याला गिळलेले नाही. वृकमानवाविषयीच्या प्रत्येक कथेला आणि प्रत्येक खेळाला पुढील प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते : रूपांतर झाल्यावर माणसाचे काय उरते? शस्त्रनिवडीचा प्रश्न हे याच प्रश्नाचे व्यावहारिक रूप आहे.

३. दोन खेळ, दोन उत्तरे

‘द एल्डर स्क्रोल्स’ या मालेतील ‘स्कायरिम’ हा खेळ २०११ साली प्रसिद्ध झाला. तो एकट्याने खेळावयाचा आहे. त्यात पात्राने लांडग्याचे रूप घेतले की त्याची शस्त्रे आणि चिलखत अंगावरून उतरतात. नखांचे बळ पात्राच्या पातळीनुसार वाढते. हाती आधी साधी कुऱ्हाड होती की मंत्रसिद्ध तलवार, याने काहीही फरक पडत नाही. रूपांतर म्हणजे पूर्वीच्या निवडीचे विस्मरण, असे हे उत्तर आहे.

याच मालेतील ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ हा खेळ २०१४ साली आला. त्यात असंख्य खेळाडू एकाच जगात एकाच वेळी वावरतात. या खेळाचे नियम वेळोवेळी बदलले जातात. म्हणून येथील विवेचन त्याच्या पहिल्या दशकात रूढ असलेल्या नियमांपुरते मर्यादित आहे. त्या नियमांनुसार रूपांतर झाल्यावर शस्त्रे दिसत नसत, शस्त्रांची स्वतंत्र कौशल्ये वापरता येत नसत आणि त्यांच्या जागी झेप, गर्जना, आरोळी, रोग पसरविणारी नखे अशी लांडग्याची कौशल्ये येत. मात्र अदृश्य झालेल्या शस्त्राचे बळ नखांच्या आघातात मोजले जाई. शस्त्र आणि चिलखत यांच्या ठरावीक संचामुळे मिळणारे लाभही चालू राहत. तलवार दिसत नव्हती, पण ती हिशेबात होती.

आणखी एक नियम महत्त्वाचा आहे. या खेळात पंधराव्या पातळीनंतर पात्राला शस्त्रांचे दोन संच बाळगून लढता लढता त्यांची अदलाबदल करता येते. लांडग्याच्या रूपात ही अदलाबदल बंद होई. रूपांतराच्या क्षणी जो संच हाती असेल तोच त्या रूपाच्या अखेरपर्यंत लागू राही. मनुष्य म्हणून केलेली शेवटची निवड लांडग्याला बांधून ठेवी. हे उत्तर ‘स्कायरिम’च्या नेमके विरुद्ध आहे. येथे रूपांतर म्हणजे पूर्वीच्या निवडीचे स्मरण होय.

४. निवडीचे पर्याय

या खेळात शस्त्रकौशल्याच्या सहा शाखा आहेत : दोन्ही हातांनी पेलावयाचे एकच जड शस्त्र, एका हाती शस्त्र व दुसऱ्या हाती ढाल, दोन हातांत दोन शस्त्रे, धनुष्य, संहारक दंड आणि आरोग्यदायी दंड. सामान्य योद्ध्याच्या बाबतीत निवड मुख्यतः कौशल्यांवरून होते. दुरून लढणारा धनुष्य घेतो, सोबत्यांचे रक्षण करणारा ढाल घेतो आणि जखमींना बरे करणारा आरोग्यदायी दंड घेतो. वृकमानवाच्या बाबतीत मात्र हा निकषच गळून पडतो. धनुष्याची लांब फेक नखांना मिळत नाही. ढालीआड उभे राहण्याचे कसब लांडग्याला वापरता येत नाही. उरते ते शस्त्राचे निव्वळ बळ, त्याच्यावरील मंत्रसंस्कार आणि संचातील त्याची गणना.

त्यामुळे सर्वसाधारणपणे वृकमानवाचा खेळाडू दोन पर्यायांत घोटाळतो : एकच जड शस्त्र की दोन हलकी शस्त्रे? जड शस्त्राच्या बळाचा आकडा मोठा असतो. दोन शस्त्रे घेतल्यास दोन वेगळे गुणधर्म आणि दोन संस्कार जोडता येतात. २०१८ सालापर्यंत या निवडीत एक विषमता होती. दोन्ही हातांनी पेलावयाचे शस्त्र संचात एकच नग म्हणून मोजले जाई. त्यामुळे ते घेणाऱ्याचा संच एका नगाने अपुरा राही आणि दोन शस्त्रे घेणाऱ्याचे पारडे जड होई. २०१८ च्या बदलात जड शस्त्र दोन नगांच्या बरोबरीचे मानले गेले आणि ही विषमता दूर झाली.

वृकमानवाच्या वैऱ्यालाही शस्त्र निवडावे लागते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. लांडग्याच्या रूपातील पात्रास विषाची बाधा अधिक होते. योद्ध्यांच्या संघाकडून शिकता येणारे रुपेरी बाणांचे कौशल्यही वृकमानवांविरुद्ध उपयोगी पडते. प्रत्येक असामान्य रूपाचे एक नेमके मर्म असते, हा लोककथांचा जुना संकेत खेळाने अशा रीतीने नियमांत उतरविला आहे.

५. परंपरेतील नखे आणि शस्त्रे

अग्निपुराणातील धनुर्वेदात आयुधांचे पाच विभाग सांगितले आहेत : यंत्रमुक्त, पाणिमुक्त, मुक्तसंधारित, अमुक्त आणि बाहुयुद्ध. यंत्राने सोडावयाचे, हाताने फेकावयाचे, फेकून परत घेता येणारे, हातातच राहणारे, आणि शेवटी केवळ बाहू. या विभागणीत नि:शस्त्र देहालाही आयुधांच्या पंक्तीत स्थान आहे, ही बाब महत्त्वाची आहे. देवळालीच्या तोफा पहिल्या विभागात पडतात, तर वृकमानवाची नखे शेवटच्या. परंतु ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मधील नखांत अमुक्त शस्त्राचे बळ मुरलेले असल्याने ती चौथ्या आणि पाचव्या विभागांच्या सीमेवर उभी राहतात.

सीमेवर उभे असलेले नख म्हटले की नृसिंहाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. हिरण्यकशिपूला मिळालेल्या वरात माणूस आणि पशू, दिवस आणि रात्र, आत आणि बाहेर, भूमी आणि आकाश यांच्यासह शस्त्रापासूनही अभय होते. नृसिंहाने उंबरठ्यावर, संध्याकाळी, मांडीवर घेऊन, नखांनी त्याचा वध केला. वर हा नियमांचा संच होता आणि नख ही त्या नियमांतून काढलेली वाट होती. नीरा-नरसिंहपूरसारख्या क्षेत्री ज्याची उपासना चालते त्या दैवताच्या कथेत शस्त्रनिवडीचा इतका काटेकोर विचार आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. नृसिंहाचे नख शस्त्र नसल्यामुळेच उपयोगी पडले. खेळातील वृकमानवाचे नख मात्र आत शस्त्र असल्यामुळे उपयोगी पडते. दोन्ही ठिकाणी नियम जाणणे हीच विजयाची पूर्वअट आहे.

दुसरे उदाहरण नाशिकच्याच भूमीशी जोडलेले आहे. जिच्या नावातच सुपासारखी नखे आहेत ती शूर्पणखा इच्छेनुसार रूप बदलणारी आहे. पंचवटीत लक्ष्मणाने खड्गाने तिचे नाक-कान कापले आणि या घटनेवरून नाशिक हे नाव पडले, अशी लोकसमजूत आहे. येथे एका बाजूला रूपांतर व नखे आहेत आणि दुसऱ्या बाजूला घडविलेले शस्त्र आहे. नखे हरली. पण रामायणाची कथा तेथे संपत नाही. त्या एका खड्गप्रहाराचे परिणाम खर-दूषणांच्या युद्धापासून सीताहरणापर्यंत पसरत जातात. शस्त्र उचलण्याच्या निर्णयाचा हिशेब पुढील कांडे करीत राहतात.

तिसरे उदाहरण भीमाचे. त्याचे एक नावच ‘वृकोदर’, म्हणजे लांडग्याच्या पोटाचा, असे आहे. शल्यपर्वाच्या अखेरीस युधिष्ठिर दुर्योधनाला मनाजोगते शस्त्र निवडून पांडवांपैकी कोणाही एकाशी लढण्याची मुभा देतो. दुर्योधन गदा निवडतो. या अविचारी औदार्याबद्दल कृष्ण युधिष्ठिराला बोल लावतो; कारण शस्त्र निवडण्याचा अधिकार देणे म्हणजे अर्धे युद्ध देऊन टाकणे, हे तो जाणतो. पुढे भीम मांडीवर गदा मारून युद्ध जिंकतो आणि हा प्रहार गदायुद्धाच्या नियमांत बसत नाही म्हणून बलराम संतापतो. वृकोदराने निवडलेले शस्त्र योग्य होते. त्याचा उपयोग योग्य होता काय, हा प्रश्न महाभारत उघडा ठेवते.

चौथे उदाहरण इतिहासातील आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी वाघनख सोबत घेतल्याचे परंपरा सांगते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ साली साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आणण्यात आली. ती नेमकी प्रतापगडावरचीच आहेत असे सिद्ध झालेले नाही. परंतु प्रस्तुत विवेचनाला वस्तूच्या वंशावळीपेक्षा तिची कल्पना अधिक उपयुक्त आहे. वाघनख हे पशूच्या अवयवाचे माणसाने केलेले शस्त्र आहे. ते मुठीत लपते आणि काम झाल्यावर उतरवून ठेवता येते. ते धारण करणारा क्षणभरही वाघ होत नाही. वृकमानवाच्या घडणीत याच्या उलट घडते : तेथे शस्त्र पशूच्या अवयवात लपते.

६. ‘देवळाली’ हा शब्द आणि रूपांतर

या विषयाच्या संदर्भात देवळालीचा आणखी एक धागा विचारात घेण्यासारखा आहे. ब्रिटिश सैन्यातील मुदत संपलेले सैनिक मायदेशी परतण्यासाठी जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत थांबत. सैनिकी जहाजांचा हंगाम हिवाळ्याचा असल्याने काहींना कित्येक महिने कामावाचून काढावे लागत. या रिकामपणात उष्मा आणि आजार यांची भर पडे, आणि माणसे भ्रमिष्टासारखी वागू लागत. त्यावरून ‘डूलॅली टॅप’ हा सैनिकी वाक्प्रचार रूढ झाला. ‘डूलॅली’ म्हणजे देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. फ्रँक रिचर्ड्स या सैनिकाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींच्या पुस्तकात या अवस्थेचा उल्लेख केला आहे. आजही इंग्रजीत भान हरपलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात.

म्हणजे माणूस आपले रूप हरवतो या कल्पनेला देवळालीने एक शब्द पुरविला आहे. पण येथील रूपांतराचे कारण चंद्र किंवा शाप हे नव्हते. ज्याची भूमिका संपली आहे आणि दुसरी भूमिका अद्याप मिळालेली नाही, अशा सैनिकाचे ते रूपांतर होते. याच छावणीतील तोफखान्याच्या परंपरेत तोफा हेच पथकाचे निशाण मानले जाते. पायदळाचे पथक ध्वजात आपली ओळख पाहते, तोफखाना ती शस्त्रात पाहतो. शस्त्र हे हातातील साधन असते तसेच ते धारण करणाऱ्याची ओळखही असते, हे देवळालीला वेगळे शिकवावे लागत नाही. भूमिका गेली की माणूस ढळतो आणि शस्त्र ओळख धरून ठेवते, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे वृकमानवाच्या शस्त्रनिवडीचा अर्थ स्पष्ट होतो. लांडग्याच्या कातडीखाली मोजली जाणारी तलवार ही त्या पात्रात उरलेल्या माणसाची खूण आहे.

७. आक्षेप आणि परीक्षण

यावर असा आक्षेप घेता येईल की, खेळाडू शस्त्र निवडताना अर्थाचा विचार करीत नाही. तो आकडे पाहतो. हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. तथापि मात्रा मोजणारा कवीही आकडेच मोजत असतो आणि मोजण्याने त्याची रचना अर्थहीन ठरत नाही. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य क्षेमेंद्र यांनी ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात अलंकाराचे सौंदर्य त्याच्या स्थानावर अवलंबून असते, हे कंठात मेखला घालण्यासारखी उदाहरणे देऊन पटविले आहे. वृकमानवाने धनुष्याच्या कौशल्यांवर सगळी मेहनत खर्च करणे, हे या अर्थाने कंठात मेखला घालणे होय. जाणकार खेळाडू अशी घडण पाहताच ती नापसंत करतो. तो ‘औचित्य’ हा शब्द वापरीत नसेल, पण त्याची रसिकता औचित्याचीच आहे.

अधिक गंभीर आक्षेप दुसरा आहे आणि तो खेळावरच घ्यावा लागतो. ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये लांडग्याचे रूप ठरावीक काळ टिकते आणि पडलेल्या देहांचे भक्षण करून तो काळ वाढविता येतो. भूक हेच तेथील घड्याळ आहे. निरपराध नागरिकाला मारल्यास दंडाची तरतूद आहे. परंतु शत्रूवर केलेला प्रहार उचित होता काय, हे विचारणारा कोणीही या नियमांत नाही. शस्त्र योग्य निवडले की नाही एवढेच आकडे सांगतात. भीमाची गदा मोजली जाते, पण बलरामाचा संताप तेथे नसतो.

‘स्कायरिम’मध्ये याच्या उलट स्थिती आढळते. तेथे शस्त्राचा हिशेब लांडग्यापर्यंत पोचत नाही. पण कथेत मात्र हिशेब आहे. त्यातील योद्ध्यांच्या पथकाचा वृद्ध नायक कोडलॅक आपल्यातील लांडग्यापासून मुक्ती शोधतो. कारण मरणानंतर मृगयेच्या देवतेच्या रानात अखंड शिकार करीत राहण्यापेक्षा त्याला पूर्वजांच्या वीरलोकात जायचे आहे. लांडग्याच्या बळाची किंमत त्याला ठाऊक आहे. एका खेळात हिशेब आकड्यांत आहे, दुसऱ्यात तो कथेत आहे; दोहोंचा मेळ मात्र कोठेच बसलेला नाही. रामायण-महाभारतात शस्त्राचा प्रभाव आणि त्याचे परिणाम एकाच कथासूत्रात बांधलेले असतात. या निकषावर दोन्ही खेळ उणे ठरतात.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. वृकमानवासाठी शस्त्र निवडणे ही निरर्थक कृती नाही; रूपांतरानंतरही माणसाने केलेली निवड टिकते असे मानणाऱ्या खेळात ती पात्राच्या घडणीचा गाभा ठरते. नख आणि शस्त्र यांमधील सीमा भारतीय परंपरेने फार पूर्वीपासून विचारात घेतली आहे. नृसिंह, शूर्पणखा, वृकोदर आणि वाघनख ही त्या विचाराची चार भिन्न रूपे आहेत. खेळाच्या घडणीचे परीक्षण करण्यासाठी औचित्यासारखी आपली संकल्पना उपयुक्त ठरते.

तथापि या संकल्पनेची दुसरी बाजू खेळांनी अद्याप पेललेली नाही. औचित्य हे निवडीचे असते तसे उपयोगाचेही असते. आकड्यांच्या आधारे अचूक शस्त्र निवडणारा विद्यार्थी तर्कशुद्ध विचार करीत असतो, हे अध्यापकाने मान्य केले पाहिजे. त्या विचाराला ‘निवडलेल्या शस्त्राने काय केले?’ या प्रश्नाची जोड देणे हे वर्गातील काम आहे. ज्या गावात खऱ्या तोफांचा अभ्यास होतो आणि ज्याच्या नावावरून भान हरपण्याला एक शब्द मिळाला, तेथील महाविद्यालयीन वर्गाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.